खिळ्यावरची वायर

रिसबूडभिया वायर उपटायला निघाले की आमच्या ऑफिसातली माणसं हातातलं काम टाकून त्यांच्या मागे जायची. बिघडलेली वायर नव्हे, चांगली धडधडीत चालू असलेली. ती सगळ्यांसमक्ष उपटायची, दुसरी लावायची, मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि चष्म्याच्या वरून एकेकाकडे पाहत विचारायचं, "बोला, कुणाचं काय अडलं?" कुणाचं काही अडलेलं नसायचं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तो नोकरीच्या जागी मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

त्यांच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. लिहायला बसलं की एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी घरात बायकोलाही सांगितलेली नाही. आता सांगणार आहे. पण आधी भिया.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. देवासच्या इंडस्ट्रियल एरियात सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. तिथे भिया 'सिस्टीमवाले' म्हणून आले, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. पंचेचाळिशी उलटलेली, बुटकी मूर्ती, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि त्याच्या खिशात टेस्टरच्या शेजारी लोकरीचे रंगीत तुकडे. वहिनी स्वेटर विणत, त्यातली उरलेली लोकर हे घेऊन येत. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एका रंगाची लोकर बांधायची, म्हणजे पन्नास वायरींच्या गुंत्यातूनही हवी ती सापडते. मी म्हटलं, "भिया, स्टिकर मिळतात ना बाजारात." ते म्हणाले, "स्टिकर उन्हाळ्यात गळतं, शाई पावसाळ्यात पुसते. लोकर थंडीत कामाला येते आणि बाकीचे आठ महिनेही."

त्यांचं घराणं धारचं, पूर्वी दरबारात कारकुनी केलेलं. मराठी अगदी पणजोबांच्या पेटीतली. शिपायालाही 'आपण' म्हणायचे. माझे वडील साताऱ्याहून कारखान्याच्या नोकरीला देवासला आलेले, मी हिंदी शाळेत शिकलो. माझं मराठी म्हणजे खिचडी. मी सांगायला जायचो, "भिया, वो लॅबवाली वायर लूज झाली." ते हातातलं काम न सोडता म्हणायचे, "सैल झाली म्हणा मोहिते, म्हणजे घट्ट कशी करायची तेही सुचेल." माळव्यात ज्याला त्याला 'भिया' म्हणतात, तसं त्यांनाही म्हणू लागले. पहिला महिना त्यांना ते आवडलं नाही. दुसऱ्या महिन्यात ते स्वतःच फोन उचलून सांगू लागले, "हां, रिसबूडभिया बोलतोय."

आमच्याकडे कॉम्प्युटर तीन जागी होते. गेटपाशी तोलकाट्याच्या केबिनमध्ये, आवारातल्या लॅबमध्ये आणि मुख्य ऑफिसात. शेतकऱ्याची ट्रॉली काट्यावर चढायची, मूठभर सोयाबीन लॅबमध्ये जायचं, तिथून ओलाव्याचा आकडा यायचा, ऑफिसातून भाव पडायचा आणि काट्यावर पर्ची छापून निघायची. तिन्ही जागी एकेक स्विच, म्हणजे वायरी जोडायचा डबा, आणि ते एका ओळीत जोडलेले: ऑफिस ते लॅब, लॅब ते काटा. लॅबवाल्यांनी हीटर लावला की त्यांचा फ्यूज उडायचा, लॅबचा स्विच मरायचा, आणि त्याच्या पलीकडचा काटाही मुका व्हायचा. मग काट्यावरचा कैलाश केबिनमधून ओरडायचा, "भिया, पर्ची नी निकल री." हे आठवड्यातून दोनदा ठरलेलं.

भियांनी पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांकडे मागणी केली: काट्यापासून थेट ऑफिसपर्यंत तिसरी वायर टाकू द्या. मॅनेजर इंदूरचे, बोलायला तिखट. ते म्हणाले, "एक चल रही है ना? दूसरी का क्या अचार डालोगे?"

"साहब, धार से देवास मैं इंदौर होकर आता हूँ," भिया त्यांच्या त्या अदबशीर हिंदीत म्हणाले. "वो रास्ता बंद हो तो बदनावर, उज्जैन होकर आ जाता हूँ. दूसरा रास्ता खोद डालूँ क्या?"

मॅनेजर हसले, आणि हसले म्हणजे परवानगी मिळाली. कंपाउंडच्या भिंतीलगत पाइपातून ती वायर भियांनी स्वतः उभं राहून टाकून घेतली. दोन्ही टोकांना लाल लोकर बांधली. काट्याकडचं टोक तिथल्या स्विचमध्ये लावलं. ऑफिसातलं टोक मात्र लावलंच नाही. स्विचच्या वर भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्यावर ते टांगून ठेवलं.

मी म्हटलं, "एवढी मेहनत केली, आता लावा की."

"लावली तर काय होईल ते दाखवू?"

त्यांनी मला, कैलाशला आणि शिपाई रामरतनला व्हरांड्यात उभं केलं. आधी एका ओळीत. नियम एकच: एका बाजूने जे ऐकू येईल ते दुसऱ्या बाजूच्या माणसाला सांगायचं. माझ्या कानात म्हणाले, "चहा आला का?" मी कैलाशला सांगितलं, कैलाशने रामरतनला. रामरतनच्या पुढे कुणी नव्हतं. गोष्ट संपली.

"आता गोल उभे राहा."

पुन्हा माझ्या कानात, चहा आला का. मी दोघांनाही सांगितलं. कैलाशने रामरतनला सांगितलं, रामरतनने कैलाशला. दोघांनी पुन्हा मला. मी पुन्हा त्यांना. अर्ध्या मिनिटात आम्ही तिघं घसा फोडून 'चहा आला का, चहा आला का' ओरडत होतो, थांबायचं कुणी हे कुणालाच कळेना, आणि अकाउंटवाल्या बाई खिडकीतून डोकावून विचारत होत्या, "अरे, कुणी चहा देत नाहीये का यांना?"

भिया भिंतीला टेकून डोळ्यांतलं पाणी पुसत होते. "हा फेरा," ते म्हणाले. "स्विच बिचारे भाबडे. ऐकलं की पुढे सांगतात. तिन्ही वायरी लागल्या की फेरा पडला, आणि त्या गलक्यात कामाचं बोलणं कुणाला ऐकू जाणार? वाटा दोन पाहिजेत, पण एका वेळी मोकळी एकच. तुम्हा देवासकरांना हे मी शिकवावं? तुमच्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे नांदले. दोघांनी एकाच चौकात एकदम हुकूम सोडला असता तर?"

म्हणून नियम ठरला: आधी काढा, मग लावा. लॅबचा फ्यूज उडाला की ऑफिसातल्या स्विचमधून लॅबची निळ्या लोकरीची वायर काढायची आणि मगच लाल वायर खिळ्यावरून उतरवून लावायची. हे त्यांनी सगळ्यांकडून घोटून घेतलं, अकाउंटवाल्या बाईंकडूनही. घड्याळ लावून स्पर्धा लावायचे. रामरतन पहिला आला तेव्हा त्यांनी त्याला पोह्यांची प्लेट दिली, जिलेबीसकट, आणि साऱ्या ऑफिसात सांगत फिरले, "रामरतनजींचा हात बघा, सर्जनचा हात आहे."

खरं सांगतो, त्या दिवसांत ऑफिसला जायची घाई व्हायची. पगार तोच होता, खुर्ची तीच. पण आपण काहीतरी नवीन करतोय, इंदूरच्या मोठ्या ऑफिसांत नाही ते आपल्याकडे आहे, असं वाटायचं. कैलाश ट्रॉलीवाल्यांना सांगायचा, "हमारे यहाँ डबल लाइन है." एकदा एका शेतकऱ्यानेही ती खिळ्यावरची वायर बघायची इच्छा व्यक्त केली. भियांनी त्याला चहा पाजून दाखवली.

त्यांच्या मनात याच्या पुढचं होतं. शहाणे स्विच. जे तिन्ही वायरी लावल्या तरी आपापसांत ठरवून एक वाट बंद ठेवतात, आणि चालू वाट तुटली की आपसूक ती उघडतात. कुणी धावायला नको, खिळा नको. त्याच्या कॅटलॉगचं एक पान घडी घालून ते पाकिटात ठेवायचे आणि नातवंडाचा फोटो दाखवावा तसं दाखवायचे. देवासच्या ऑफिससाठी आणि धारच्या शाखेसाठी असे स्विच घ्यायचा प्रस्ताव त्यांनी केला होता. मॅनेजर म्हणाले होते, सोयाबीनचा सीझन नीट पार पडू दे, मग सही करतो, आणि तुम्हालाही कायम करून घेतो. भियांचं सगळं त्या सीझनवर लागलेलं होतं.

सीझनच्या ऐन तोंडावर नवरात्र आलं. भियांच्या घरी धारला नवरात्र बसायचं, अष्टमीलाच ते गेले. जाताना मला म्हणाले, "मोहिते, ऑफिस आपल्यावर."

नवमीला दुपारी काम थांबवून आम्ही यंत्रांची पूजा केली. काट्याला हळदकुंकू, कीबोर्डला हळदकुंकू, प्रिंटरला फूल. मांडणी माझ्याकडे होती, बाकीचे अजून काट्यापाशीच होते. स्विचच्या टेबलावर देवीची तसबीर ठेवली आणि वर झेंडूची माळ लावायची म्हणून खिळा शोधू लागलो. सिमेंटची भिंत, खिळा तो एकच. मी लाल वायर उतरवली आणि माळ टांगली. वायरीचं टोक लोंबून नैवेद्याच्या ताटात येत होतं. स्विचला एक छिद्र रिकामं होतं. त्यात ते खोचून टाकलं.

नियम मला पाठ होता. व्हरांड्यात ओरडणाऱ्यांत मी होतो. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ताट होतं, आणि हे की परवापर्यंत सुट्टीच आहे, माळ काढताना वायरही काढू.

सगळे आरतीला आत आले तेवढ्यात स्विचवरचे दिवे एकाएकी भराभर लुकलुकायला लागले, सगळेच्या सगळे. रामरतन म्हणाला, "देखो भिया, माताजी प्रसन्न हो गईं." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग होती. ऑफिस उघडलं आणि कुठलाच कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलेना. लॅबचा आकडा येईना, भाव जाईना. कैलाश केबिन सोडून पळत आला, "मोहिते भिया, बाहर लोग मारने को बैठे हैं." मी कॉम्प्युटर बंद-चालू करत राहिलो. दोन-अडीच तास गेले. मॅनेजर माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लगाओ अपने रिसबूड को फोन."

भियांनी धारला फोन उचलला. मी सगळं सांगितलं.

"दिवे कसे आहेत?"

"लुकलुकतायत."

"सगळे? एकदम, भराभर?"

"हो."

"मोहिते, फेरा पडलाय." शंभर किलोमीटरवरून, न बघता. "खिळ्यावर बघा. लाल वायर खिळ्यावर आहे ना?"

मी वर बघितलं. खिळ्यावर सुकलेली झेंडूची माळ होती. खाली माझ्याच हाताने खोचलेली लाल लोकर. चहा आला का, चहा आला का. मॅनेजरांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"आहे, भिया," मी म्हणालो. "खिळ्यावरच आहे."

आणि म्हणता म्हणता दुसऱ्या हाताने मी ती वायर ओढून काढली. दिवे शांत झाले. गेटवरून कैलाशची आरोळी आली, "चालू हो गिया." मॅनेजरांनी विचारलं, "क्या किया?" मी म्हणालो, "स्विच बंद करके चालू किया, सर." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. फोनमधून भियांचा आवाज येतच होता, "मोहिते? मोहिते, ऐकताय ना?"

दुपारी ते आले. पाणीसुद्धा न घेता सरळ स्विचपाशी गेले. मी तोवर माळ काढून वायर होती तशी टांगली होती. तीन दिवस त्यांनी शोध घेतला. पाइप उघडले, प्रत्येक टोक तपासलं, उंदीर, ओल, व्होल्टेज, सगळं. प्रत्येकाला विचारलं, "आपण कशाला हात लावला होता का?" रामरतनने माताजी प्रसन्न झाल्याचंही सांगितलं. "म्हणजे नवमीपासूनच," असं म्हणून ते आणखी गोंधळले.

मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो. "कारण बताओ," ते म्हणाले. दुसरा कुणी असता तर व्होल्टेजवर ढकलून मोकळा झाला असता. कुणी तपासायला जाणार नव्हतं. भिया म्हणाले, "कारण मिला नहीं, साहब."

"कारण तुम्हारी ये डबल लाइन है. एक थी तब तो ऐसा नहीं हुआ."

मी तिथेच उभा होतो.

लाल वायर काढायचा हुकूम झाला. शहाण्या स्विचांचा प्रस्ताव परत आला. कायम करायचं राहिलं. भियांना कुक्षीच्या खरेदी केंद्रावर पाठवलं, जिथे एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर होता, जोडायला दुसरं काहीच नव्हतं. देवासच्या सिस्टीमचं काम मला मिळालं, कायम नोकरीसकट. बंद करून चालू करणारा माणूस कामाचा, असं ठरलं. माझ्या मुलीची शाळा त्याच नोकरीवर झाली.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "मोहिते, एकच विचारतो. ती वायर खरंच खिळ्यावर होती ना?"

"हो, भिया."

"मग माझ्याच समजुतीत खोट आहे," ते म्हणाले आणि बस पकडायला गेले. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते एखादी बेरीज चुकल्यासारखे बोलले.

पाच वर्षांनी कामानिमित्त धारला गेलो तेव्हा शाखेतल्या एकाने सांगितलं, रिसबूडभिया कुक्षीची नोकरी सोडून घरी आलेत, इथल्या दवाखान्यांची वायरिंगची कामं करतात. आज एका डॉक्टरांच्या नव्या नर्सिंग होममध्ये असतील. मी गेलो. जाऊ नये असं पायऱ्यांपर्यंत वाटत होतं.

"या या मोहिते, अगदी वेळेवर आलात." केस पांढरे झालेले, आवाज तोच. माझं काय चाललंय वगैरे विचारलं नाही, हात धरून आत नेलं. तपासणीची खोली, औषधांची खिडकी आणि रिसेप्शन, तीन जागी तीन स्विच, आणि तिन्ही वायरी लागलेल्या. गोल. "शहाणे आहेत," ते कुजबुजले, जणू स्विचना ऐकू जाईल. "डॉक्टरांना आठ महिने समजावलं. आज पहिली परीक्षा. आपण उपटा. कुठलीही. हो, आपणच."

मी एक वायर उपटली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अंकल, मेरा बंद हो गया." भियांनी तिला बोटाने थांबवलं आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागले. "वाट शोधतायत. तीस सेकंदांच्या आसपास सापडते. चार, पाच, सहा..."

बारावर मी म्हणालो, "भिया, ती वायर खिळ्यावर नव्हती."

"तेरा," भिया म्हणाले. "चौदा."

"नवमीला मी माळ लावायला काढली. स्विचमध्ये खोचली. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा ती आतच होती."

"अठरा. एकोणीस." आवाज बदलला नाही. मोजणं सुटलं नाही. एकतिसाला रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "आ गया." भियांनी घड्याळावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठल्या छिद्रात?"

"उजवीकडून दुसऱ्या."

"आणि फोन चालू असताना काढलीत? म्हणून लगेच चालू झालं."

"हो."

ते शेजारच्या स्टुलावर बसले. वाटलं, आता येईल जे यायचं ते. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच पसरायला लागलं, वायर उपटल्यावर पसरायचं ते. "म्हणजे फेराच होता," ते म्हणाले. "मी फोनवर सांगितलं तेच. मोहिते, मी न बघता सांगितलं होतं."

"हो, भिया."

"'खिळ्यावरच आहे' हा आपला शब्द मी खरा धरला, म्हणून बाकी सगळं खोटं ठरत गेलं. कुक्षीला वह्या भरल्या मी. कुठे कुठे पत्रं लिहिली." मग ते उठून रिसेप्शनच्या टेबलाशी गेले. मी माफी मागायला लागलो. नोकरीचं, मुलीच्या शाळेचं, मॅनेजर पाठीमागे होते ते, सगळं एका दमात बोलत होतो. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. दुसऱ्या हाताने ते रिसेप्शनवरचा फोन पुढे ओढत होते.

मी बाहेर आलो. त्यांनी थांबवलं नाही, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. ती माफी त्यांच्याकडे मागायचा हक्क मला नाही हे रस्त्यावर आल्यावर कळलं. काचेच्या दारातून ते पाठमोरे दिसत होते. एका हाताने चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकाला पुसत होते, फोन मान वाकडी करून खांद्यावर दाबलेला. "अगं, सापडलं," ते म्हणत होते. "देवासचं. माझी चूक नव्हती." वहिनींना बहुधा पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसावं, कारण तेच त्यांनी पुन्हा, अधिक मोठ्याने सांगितलं, आणि तपासणीला बसलेले सगळे पेशंट त्यांच्याकडे वळून बघायला लागले.